दोनशे तासांत काय काय असतं

‘मॅडम, एकूण खर्च किती?’ बारावी झालेल्या मुलामुलींना पायलट करायला निघालेले आईवडील पहिला प्रश्न हाच विचारतात. मी त्यांना आधी मेडिकल करून घ्यायला सांगते. कर्जाचं नंतर बघू. आधी क्लास टू, मग व्यावसायिक परवान्यासाठी क्लास वन. चष्मा चालतो, पण रंग नीट ओळखता येत नसतील तर गाडी तिथेच अडते. फी भरून झाल्यावर हे कळलेली घरं मी पाहिली आहेत.

कागदावरच्या अटी चटकन सांगता येतात. वय 18 पूर्ण, बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स. डीजीसीएचे पेपर: नेव्हिगेशन, हवामान, नियम, विमानाची तांत्रिक माहिती, पास व्हायला 70 टक्के. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. आणि 200 तासांचं उड्डाण. त्यातले 100 तास विमानाची जबाबदारी एकट्या विद्यार्थ्याची.

माझा जीव या शंभरात गुंतलेला असतो.

सकाळी विमान बाहेर काढलं की विद्यार्थी पंखाखालच्या झडपेतून थोडं इंधन पारदर्शक कपात काढतो. अ‍ॅव्हगॅस फिकट निळं असतं. रात्रभरात टाकीत पाणी जमलं असेल तर ते जड असल्यामुळे तळाशी वेगळं दिसतं. हे पाणी इंजिनात गेलं तर टेकऑफनंतर लगेच इंजिन बंद पडू शकतं. मी बघत नसतानाही जो तो कप उजेडाकडे धरून नीट पाहतो, त्याला एकट्याने सोडायला मी तयार होते. पहिल्या सोलोला मी उतरले की विमान हलकं होतं, नेहमीपेक्षा लवकर जमीन सोडतं आणि भराभर वर चढतं. हे आधी सांगितलेलं असूनही पोरं दचकतात, मग सावरतात. आडव्या वाऱ्यात उतरताना वाऱ्याकडचा पंख खाली आणि विरुद्ध पायाने रडर, हे फळ्यावर पाच मिनिटांत समजतं. पायात मुरायला कित्येक सर्किटं लागतात.

म्हणूनच तास भरून काढायची घाई मला खटकते. आपल्याकडे पावसाळ्यात ढग खाली येतात, फ्लाइंग आठवडे-आठवडे रखडतं, हप्ते मात्र थांबत नाहीत. 2011 मध्ये बनावट कागदपत्रांवर परवाने मिळवल्याची प्रकरणं देशभर गाजली. लॉगबुकात नुसता लिहिलेला तास पुढे प्रवाशांच्या जिवावर बेततो, याबद्दल माझ्या मनात जराही शंका नाही.

परवाना हाती आला तरी एअरबस ए320 किंवा बोइंग 737 लगेच उडवता येत नाही. त्या विमानाचं टाइप रेटिंग करावं लागतं, त्याचा खर्चही मोठा. मग उजव्या सीटवर को-पायलट. कॅप्टन होण्यासाठी लागणारा एटीपीएल 1500 तासांनंतर. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये टेकऑफच्या वेळी इंजिन बंद करून परीक्षा घेतात, ती कॅप्टनलाही चुकत नाही.

बारामती, धुळे, गोंदिया, कुठेही प्रवेश घ्या. पण आधी एक दिवस तिथे जाऊन हँगरजवळ उभे राहा. आज उडू शकतील अशी विमानं किती, इन्स्ट्रक्टर किती, एका विद्यार्थ्याला आठवड्यात किती वेळा विमान मिळतं, हे विचारा. ऑफिसात विचाराच, पण तिथे शिकणाऱ्या मुलांनाही विचारा.