उजेड जरा खाली धरा

आमच्या घरी एक म्हातारी आहे. वय वर्षे जवळजवळ चाळीस, रंग दुधी, प्रकृती उत्तम. फक्त डोळ्यांनी अधू. ही म्हणजे आमची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९६४ पासून जी फियाट बाहेर पडू लागली, तिलाच पुढे १९७४ साली हे राणीचे नाव मिळाले. मुंबईच्या टॅक्सीतळावरून तिच्या बहिणी ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमच्या निवृत्त झाल्या. आमची मात्र अजून दिवाळीला आत्याकडे चिपळूणला जाते.

पुण्याहून चिपळूणला जायच्या वाटा दोन-तीन आहेत. पण आमचे घराणे कुंभार्लीचे! उंब्रजला हमरस्ता सोडायचा, मल्हारपेठ, पाटण करीत कोयनेच्या काठाकाठाने कोयनानगरला चहा घ्यायचा, आणि मग घाट उतरायचा. दिवाळीच्या सुमारास हा रस्ता विलक्षण देखणा असतो. पाटणच्या खोऱ्यात भातकापणी चाललेली असते, उतारावरचे गवत सोनेरी पडू लागलेले असते, आणि घाटमाथ्यावर आले की एकाएकी पायाखालची जमीन संपून सारे कोकण निळ्या धुक्यात पसरलेले दिसते. पूर्वेला वाहणारी कोयना इथे माणसाने पश्चिमेकडे वळवली. तिचे पाणी सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पोफळीच्या वीजघरात कोसळते आणि मग वाशिष्ठीला मिळते. संध्याकाळी घाटातून पोफळीचे दिवे दिसू लागले की धाकटी नेमाने ओरडते, “बाबा, तारे खाली पडले!”

तर दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत हा घाट उतरताना अंधार पडला. आमच्या गाडीचे दिवे म्हणजे देवघरातली समई. वळणावर रस्त्यात बसलेली म्हैस मला दहा हातांवर आल्यावर दिसली. म्हैस उठली नाही, गाडी थांबली, आणि सौ.ने मुलांसमोर बोलू नये ते सारे न बोलता सांगितले.

पुण्यास परतल्यावर एका वायरिंगवाल्याला गाठले. तो म्हणाला, “साहेब, दोष बल्बचा नाही, रक्तवाहिन्यांचा आहे.” बॅटरीतून निघालेला प्रवाह डॅशबोर्डावरच्या जुन्या बटणातून, झिजलेल्या तारांतून वळसे घेत दिव्यापर्यंत पोचतो, आणि वाटेत व्होल्ट गळतात. गंमत अशी की दाब दहा टक्के उतरला, तर उजेड दहा टक्के नव्हे, जवळजवळ तीस टक्के उतरतो! त्यावर उपाय म्हणजे रिले. बटणाने फक्त इशारा द्यायचा; दिव्यांचा आठ-दहा अँपिअरचा मुख्य प्रवाह बॅटरीतून जाड तारेने, फ्यूजमार्गे थेट जायचा. ऑफिसात साहेबाने घंटी वाजवावी आणि शिपायाने फाईल न्यावी, तसला कारभार. गंजलेले आरसे जाऊन सात इंची नवे दिवे आले, त्यांत ६०/५५ वॉटचे हॅलोजन बल्ब बसले. शंभर वॉटचे बसवा, असे मी म्हणून पाहिले. तो म्हणाला, “नियमात बसत नाहीत, आणि होल्डर वितळतील.” शेजाऱ्यांनी पांढरेशुभ्र एलईडी सुचवले. पण हॅलोजनसाठी घडवलेल्या आरशात ज्योत नेमक्या जागी नसली, तर उजेड रस्त्यावर न पडता चहूकडे उधळतो, म्हणून तेही राहिले.

नंतर त्याने गाडी भिंतीसमोर उभी करून झोत जुळवला. मी समाधानाने पैसे दिले. गाडी रिकामी होती, ही गोष्ट तेव्हा दोघांच्याही मनात आली नाही.

गेल्या वर्षी वसुबारसेला आम्ही निघालो. मागच्या बाकावर आई, सौ. आणि दोन्ही मुले. डिकीत फराळाचे डबे, आत्याला पितळेचा बंब, आणि वर कॅरिअरवर ट्रंक. कोयनानगरला दिवेलागण झाली. घाटात मी दिवे लावले, आणि काय सांगू! झाडांचे शेंडे उजळले. मला मोठा अभिमान वाटला. शेंडे का उजळावेत, हा प्रश्न मात्र पडला नाही.

अर्ध्या घाटात एक मोटारसायकल वर येत होती. मी सभ्यपणे डिपरवर होतो. तरीही ती एकदम डगमगली आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात कलंडली. आम्ही धावलो. तरुण नवरा-बायको आणि मध्ये बसलेले तीन-चार वर्षांचे पोर. बायकोचे कोपर सोलवटले होते, पोर भेदरून रडतही नव्हते. दैव बलवत्तर, म्हणून दरीची बाजू आमची होती. पुढच्याच वळणावर ती त्यांची झाली असती. मी “डिपर मारला होता हो” असे काहीसे पुटपुटलो. गाडी सरळ करीत तो शांतपणे म्हणाला,

“तुम्हाला रस्ता दिसला साहेब. आम्हाला काहीच दिसलं नाही. उजेड जरा खाली धरा.”

आईने पोराच्या हातात लाडवांचा डबा ठेवला. ती मंडळी गेली. उरलेला घाट मी बैलगाडीच्या चालीने उतरलो. समोर वाहन दिसले की कडेला थांबून दिवे मालवायचे. गाडीत कोणी एक शब्द बोलले नाही. पोफळीचे तारे त्या रात्री धाकटीनेही मोजले नाहीत.

आतोबांनी उभा जन्म एसटी चालवण्यात घालवला. हकीकत ऐकून त्यांनी आधी डिकीकडे पाहिले. “सामान उतरवू नकोस. सगळी पुन्हा आत बसा,” म्हणाले. मग चाकांची हवा पाहिली, सपाट अंगणात गाडी घराच्या भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी केली, आणि दिव्यांच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर खडूने तेवढ्याच उंचीवर रेघ ओढली. डिपरच्या झोताची वरची कड या रेघेखाली तीन इंच हवी. आमची तीन इंच वर होती! मागची पाटे दोन इंच बसली, की नाक वर होते. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर साडेसात-आठ फूट, तेव्हा पंचवीस फुटांवर झोत सहा इंच चढणारच. त्रैराशिक शाळेतले, पण परीक्षा घाटात झाली.

चकचकीत कड्यामागचे स्क्रू त्यांनी हलक्या हाताने फिरवले. वरचा खाली-वर करतो, बाजूचा डावी-उजवीकडे. कड उजवीकडे सपाट आणि डावीकडे किंचित चढती हवी, म्हणजे कडेने चालणारा माणूस दिसतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत काही जात नाही. “उजेड दोघांचा असतो बाबा,” हात पुसत ते म्हणाले, “तुझ्या पदरचा असला तरी.”

भाऊबीज आटोपून आम्ही मुद्दाम संध्याकाळी निघालो. घाट चढताना समोरून एसटी आली. तिने दिवे उतरवले, मीही उतरवले, आणि दोन्ही गाड्या एकमेकींना वाट देत निघून गेल्या. मागून सौ. म्हणाली, “आता घाट दिसतोय.” झाडांचे शेंडे काळोखात होते. रस्ता मात्र कडेच्या पांढऱ्या दगडांसकट लख्ख दिसत होता.

आता प्रवासाच्या आदल्या रात्री आमच्या सोसायटीत एक सोहळा होतो. सामान भरून आई, सौ. आणि मुले गाडीत गंभीरपणे बसतात, आणि मी खडू व टेप घेऊन भिंतीशी उकिडवा. शेजारी गॅलरीतून हसतात. हसू देत. भिंतीवरची रेघ मी पुसत नाही.