एकाच परातीत

वसतिगृहात राहून शिकलेल्या माणसाच्या आठवणीत वर्गापेक्षा स्वयंपाकघर अधिक ठळक असते, हे माझे मत अनेक माजी विद्यार्थ्यांना मान्य व्हावे. भूमितीची प्रमेये विसरली, पण संध्याकाळच्या वरणाला फोडणी कोणत्या घंटेला पडत असे ते आजही सांगता येते. म्हणून या स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला, तेव्हा शाळेची इमारत, निकाल आणि थोर पाहुणे यांविषयी लिहिण्याचे काम मी इतरांवर सोपवले आणि स्वतःकडे एक लाडू घेतला. हा लाडू चुलीवर चढत नाही. त्यात दूध नाही, तूप नाही. ओट्स, खजूर, भाजलेले दाणे, थोडा गूळ आणि कोको एवढाच त्याचा संसार. शहरातील मुले अशा खाऊला ‘व्हीगन चॉकलेट बाइट्स’ म्हणतात. आपल्या वसतिगृहातील मुली त्याला ‘काळा लाडू’ म्हणतात, आणि मलाही तेच नाव अधिक सरळ वाटते.

विस्तवाशिवाय खाऊ करणे आपल्याला नवे नाही. आमच्या वेळी आठवीखालच्या मुलांनी चुलीजवळ जायचे नाही, असा कडक नियम होता. घरून कोणाचे तरी वडील भाजलेल्या फल्लीदाण्यांची पुरचुंडी आणि गुळाचा खडा आणून देत. मग स्वयंपाकघरातला खलबत्ता मागून आणायचा आणि पाळीपाळीने कुटत बसायचे. दाणे आधी भरड होतात, मग ओलसर दिसू लागतात आणि शेवटी त्यांना तेल सुटते. तेल सुटले की गूळ त्यात विरघळल्यासारखा मिसळतो आणि लाडू मुठीत आपोआप बसतो. त्यात तूप घातले नाही याची खंत कोणी केली नाही, कारण ते घालायला कोणाजवळ नव्हतेच. ‘व्हीगन’ हा शब्द 1944 साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रूढ केला, हे मला फार पुढे कळले. आम्ही शब्दावाचूनच तो लाडू खात होतो.

गेली दोन वर्षे मी महिन्यातून एका रविवारी पाचवी-सहावीच्या मुलींसोबत वसतिगृहाच्या ओसरीवर बसते. कधी शिवणकाम, कधी वाचन, कधी खाऊ. काळा लाडू त्यातूनच आला. पालकांपैकी अनेकांनी कृती विचारली, म्हणून ती येथे सविस्तर लिहिते.

दोन वाट्या साधे ओट्स घ्यावेत. मसाल्याची किंवा गोड चवीची तयार पाकिटे घेऊ नयेत. त्यांत पुष्कळदा दुधाची भुकटी असते. साधे ओट्स कारखान्यात आधी वाफवून मगच चपटे केलेले असतात, म्हणून ते न शिजवता खाता येतात. ज्वारीच्या कच्च्या पिठाचे तसे करता येत नाही, ते पोटाला जड जाते. दोन वाट्यांपैकी एक वाटी ओट्स मिक्सरमधून बारीक करावेत आणि एक तसेच ठेवावेत; सगळेच बारीक केले तर लाडू चिकट होतो आणि दाताखाली काही येत नाही. एक वाटी दाणे मात्र घरी भाजून, सोलून घ्यावेत. दाणे कोमट असतानाच वाटले तर तेल लवकर सुटते. साधारण 200 ग्रॅम मऊ खजूर बिया काढून हाताने कुस्करावा. ही कामगिरी लहान मुलींना अतिशय प्रिय आहे आणि त्यात एखादी बी हमखास राहून जाते, म्हणून मोठ्या माणसाने एकदा बोटे फिरवून पाहावे. मग तीन मोठे चमचे कोको, दोन-तीन चमचे गुळाची पूड आणि चिमूटभर मीठ. मीठ विसरू नये. कोकोचा कडूपणा त्यानेच आवरतो. सगळे एका परातीत घेऊन दहा मिनिटे मळावे. कोरडे वाटले तर चमचाभर कोमट पाणी, त्याहून जास्त नाही. वीस-बावीस लाडू होतात.

अनेक ठिकाणी असा खाऊ वितळवलेले चॉकलेट आणि खोबरेल तेल वापरून करतात आणि थंड कपाटात ठेवून घट्ट करतात. आपल्याकडे ते जमण्यासारखे नाही. खोबरेल तेल साधारण 24 अंशांच्या वर गेले की पातळ होते, आणि विदर्भात वर्षातील बहुतेक महिने दुपारी पारा त्याच्या वरच असतो. वसतिगृहातले एकमेव थंड कपाट औषधांनी आणि भाज्यांनी भरलेले. म्हणून बांधणीचे काम खजूर आणि दाण्यांचे तेल यांच्यावर सोपवावे. पावसाळ्यात ओट्स हवेतील ओल ओढतात, त्यामुळे लाडू दोन दिवसांत संपवावेत. ते संपत नाहीत अशी तक्रार अजून कोणी केलेली नाही.

ओट्स हे काही अमृत नव्हे, हेही सांगून ठेवते. ते मिळाले नाहीत किंवा परवडले नाहीत तर ज्वारीच्या लाह्यांचे पीठ तितकेच चांगले लागते. कोको मात्र मुलींना हवाच असतो. कोकोच्या झाडाचे शास्त्रीय नाव ‘थिओब्रोमा’, म्हणजे देवांचे अन्न, असे मी सांगितले तेव्हा सहावीतल्या एका मुलीने विचारले, “ताई, मग माणसं काय खात होती?” मला हसू आले, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. जगातील निम्म्याहून अधिक कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या पश्चिम आफ्रिकेतील दोन देशांत पिकतो आणि तेथील मळ्यांत लहान मुले राबतात, हे मी त्यांना सांगितले. केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तामिळनाडूतही कोको होतो, हेही सांगितले. दूध-तूप नसले म्हणजे खाऊ निर्दोष झाला असे समजण्याचे कारण नाही, इतके त्या मुलींना नक्की कळले.

आता ज्या कारणाने हा लाडू रविवारच्या ओसरीवरून पंगतीत गेला, त्याकडे येते.

गेल्या वर्षी पाचवीत आलेल्या एका मुलीला दूध मुळीच चालत नाही. पुष्कळांना दुधातली साखर पचत नाही आणि पोट बिघडते. हिचे तसे नाही. दुधातील प्रथिनांनाच तिचे शरीर शत्रू मानते. चमचाभर दही पोटात गेले तरी ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, श्वास लागतो. तुपातही त्या प्रथिनांचा अंश राहू शकतो, म्हणून डॉक्टरांनी तेही वर्ज्य सांगितले. स्वयंपाकघरातील मावशींनी हे फार मनावर घेतले. तिचे ताट, वाटी, पेला सारे वेगळे काढून त्यांवर लाल रंगाचा ठिपका दिला आणि ती भांडी वेगळ्या फळीवर ठेवली. या काळजीत कणभरही खोट नव्हती.

भेटीच्या रविवारी मुलीची आजी आली. नातीसोबत जेवायला बसली, आणि नात उठून त्या फळीकडे गेलेली पाहून तिचा हात थांबला. माझ्याकडे वळून तिने विचारले, “हे ताट येगळं काहून ठेवलं वं बाई?”

आवाज चढलेला नव्हता. तरीही आसपासच्या सगळ्या बायका गप्प झाल्या, कारण प्रश्न दुधाविषयीचा नव्हता हे प्रत्येकीला कळले होते. गावातल्या हॉटेलाबाहेर कोनाड्यात ठेवलेली, आपणच धुऊन पुन्हा आपणच जागेवर ठेवायची ती कपबशी आपल्यापैकी कोणाच्या घरच्या आठवणीत नाही? ज्या संस्थेच्या दारात पंचशील ध्वज आहे, तिच्या स्वयंपाकघरात पुन्हा एक वेगळी फळी आजीला दिसली. मावशींनी सगळे समजावून सांगितले. आजीने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “समजलं मले. पन तो ठिपका पुसून टाका.”

मावशींनी त्याच संध्याकाळी ठिपका घासून काढला. प्रश्न मात्र उरला, कारण आजार खरा होता. आम्ही वसतिगृह अधीक्षकांसोबत बसलो. सगळीच भांडी साबणाने नीट धुतली तर एका ताटाला वेगळे ठेवण्याची गरज नसते, असे डॉक्टरांनी सांगितले. धोका असतो तो खिरीचा डाव वरणात बुडवण्यात. तेव्हा डाव वेगळे झाले, ताटे एकत्र आली. राहिला सणाचा दिवस. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते आणि त्या दिवशी पंगतीत खीर असते. सुजाताने सिद्धार्थाला दिलेल्या खिरीची ती आठवण. 140 मुले खीर खाणार आणि एक मुलगी शेजारी बसून बोटे मोजणार, हे कोणालाच रुचेना. तिला वेगळा खाऊ देता आला असता. पण वेगळे काही नको, हेच तर आजी सांगून गेली होती. त्या दिवशी पंगतीचे गोड म्हणून काळा लाडूच करायचा, असे ठरले. विहारातील खीरदान नेहमीप्रमाणे गावकऱ्यांकडे राहिले.

आदल्या दिवशी ओट्स सव्वा किलो, दाणे एक किलो, खजूर सुमारे दीड किलो असा हिशेब काढला. पाकिटांवरची बारीक अक्षरे मोठ्या मुलींनी भिंगाने वाचली, कारण ‘पिण्याचे चॉकलेट’ म्हणून जे मिळते त्यात साखर आणि बहुधा दुधाची भुकटी असते. आपल्याला निव्वळ कोकोची पूड हवी होती. दाणे न चालणारे कोणी आहे का, हे सर्व पालकांना विचारले. असे मूल असेल तर दाण्यांऐवजी तीळ किंवा सूर्यफुलाच्या बिया घेता येतात, अर्थात त्या चालत असतील तर. मग सर्वात मोठ्या तीन पराती ओसरीवर मांडल्या, हात धुतले, नखे तपासली, आणि प्रत्येक परातीभोवती आठ-आठ जणी बसल्या. दूध न चालणारी मुलगी मधल्या परातीला होती. शालेय पोषण आहार शिजवणाऱ्या बाईची जात पाहून मुलांना जेवू न दिल्याच्या बातम्या आजही देशाच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून येतात. एकाच परातीत सोळा काळे हात पाहताना त्या बातम्या मला आठवल्या, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सारे सुरळीत झाले असे मात्र नाही. सातवीतला एक मुलगा पंगतीतच म्हणाला, “मला खीरच पाहिजे होती.” त्याचे काही चुकले असे मला वाटत नाही. सायंकाळी तो विहारात जाऊन दोन वाट्या पिऊन आला.

आजीलाही बोलावले होते. तिने लाडू हातात घेतला, उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “तूप नाही याच्यात? गरिबाचा लाडू झाला मंग.” यावर मी गप्प राहिले, आणि ते योग्यच झाले असे आजही मानते. 1936 साली लाहोरसाठी लिहिलेल्या आणि तेथे होऊ न शकलेल्या भाषणात बाबासाहेबांनी जयपूर संस्थानातील चकवारा गावची हकीकत नोंदवली आहे. तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्या बांधवांना जेवण दिले आणि पदार्थांत तूप वापरले, एवढ्यासाठी लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने अन्न नासवले आणि जेवणाऱ्यांना मारले. ज्यांच्या पानात तूप पडणे हाच अपराध ठरला, त्यांच्या लेकीला तुपाचे तोटे सांगणारी मी कोण? तूप सोडावे असे मी कोणत्याही पालकाला सांगणार नाही.

तसेच, दूध-तुपाविना केलेला हा लाडू म्हणजे नवे सोवळे नव्हे. मी स्वतः व्हीगन नाही. आपल्या भोजनगृहात बुधवारी अंडी असतात आणि ती असावीत. आपल्यासाठी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा शंका आली असे मांस भिक्खूंनी घेऊ नये, इतकीच अट भगवान बुद्धांनी जीवकाला सांगितली, असे पाली परंपरा नोंदवते; पानात काय आहे यावरून माणसाची प्रत ठरवण्याचे काम त्यांनी केले नाही. प्राण्यांविषयीच्या करुणेने कोणी दूध सोडत असेल तर त्याचा मला आदर आहे. आमच्या लाडवाचे कारण वेगळे होते: पंगतीतल्या एकीला ते चालत नव्हते.

आजीने लाडू संपवला. दुसरा मागून घेतला आणि पदरात बांधला. महिनाभराने मुलीचे वडील भेटीला आले तेव्हा त्यांच्याजवळ दोन किलो फल्लीदाणे होते, घरच्या शेतातले, आजीने स्वतः निवडलेले. सोबत निरोप होता: “दाणे धाडले. तूप मुद्दाम नाही धाडलं.”

दाणे भाजून मोठ्या डब्यात भरून ठेवले आहेत. पुढच्या रविवारी सहावीची पाळी आहे, आणि खजूर कमी पडणार आहे. येताना कोणाला आणता आला तर मऊ, बिनबियांचा आणावा.