दिवसांची खतावणी

बँकेतील ३६ वर्षांच्या नोकरीत असंख्य खाती सांभाळली. निवृत्तीनंतर मात्र एकच खतावणी ठेवली, ती मुलाच्या कॅनडातील दिवसांची. कायम निवासाचा हक्क मिळाला तरी नागरिकत्वाच्या अर्जासाठी आधीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस तेथे प्रत्यक्ष वास्तव्य लागते. त्यापूर्वी शिक्षणाच्या वा नोकरीच्या परवान्यावर काढलेला दिवस अर्धाच धरतात, तोही एकूण ३६५ पर्यंत. हिशेब चोख, आपल्या पेढीवरही शोभावा असा.

सौभाग्यवतीच्या अखेरच्या आजारपणात तो आला. एकविसाव्या दिवशी मीच म्हणालो, "आता परत जा, दिवस वाया जाताहेत." वास्तविक अर्ज थोडा लांबला असता, एवढेच. तो गेला आणि नवव्या दिवशी ती गेली.

पुढे परीक्षा झाली, शपथही झाली. आपल्या कायद्यात दुहेरी नागरिकत्व नाही. परके नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारले की भारताचे संपते. पासपोर्ट परत करावा लागतो. ओसीआय कार्डावर आयुष्यभर ये-जा करता येते. पण मतदान नाही, शेतजमिनीची खरेदी नाही. (वारसाने आलेली राखता येते, हे आपल्या मंडळींनी ध्यानात ठेवावे.)

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला, "बाबा, मतदारयादीतले माझे नाव तेवढे कमी करून घ्या." नमुना ७ आणला. कारणांपैकी 'भारतीय नागरिक नाही' यापुढे खूण केली. त्याच्या आईचे नावही मी याच नमुन्यावर कमी केले होते.