आधी बिजागरी

रंगावर माझा विश्वास नाही. उन्हावाऱ्यात पडून राहिलेला शिंपला पांढरा पडतो, मग कोणताही कोणासारखाही दिसतो. म्हणून आज संध्याकाळी वर्तमानपत्रावर मांडलेले नखाएवढे, कंगोऱ्यांचे शिंपले उलटे करून थेट बिजागरीपासून सुरुवात केली.

बिजागरीची रेघ सरळ आणि तिच्यावर कंगव्यासारखे बारीक दातच दात असतील, तर तो आर्क कुळातला. रेघ वळलेली आणि दात मोजकेच, तर कॉकल असू शकतो. एवढ्यावर निम्मा गोंधळ मिटतो. कंगोरे चोचीकडून, म्हणजे बिजागरीजवळच्या टोकाकडून, कडेकडे जातात की कडेला समांतर वळतात, हेही बघायचं. नुसत्याच समांतर वळ्या असतील तर तो बहुधा व्हीनस कुळातला.

ढिगात एक जाड, फुगीर निघाला. कंगोरे 18, प्रत्येकावर दाणे. आर्क कुळातलाच, टेजिलार्का ग्रॅनोसा! लिनियसने 1758 मध्ये नोंदवलेला. हा जिवंतपणी उघडला तर आत लाल दिसतं, कारण याच्या रक्तात चक्क हिमोग्लोबिन असतं. शिंपल्यांच्या दुनियेत ही चैन थोड्यांनाच. चिखलात राहणारा प्राणी. आंध्रात काकीनाड्याच्या उपसागरात तर याची मासेमारीही चालते.

पार झिजलेल्यांचं काय करायचं? कंगोरे गेले तरी आतल्या कडेच्या खाचा कधीकधी शाबूत असतात, त्या बोटाने चाचपून मोजता येतात. उरलेल्यांपुढे वहीत ‘आर्क, बहुधा’ एवढंच लिहिलं. शिंपले ओळखण्याच्या पुस्तकांत फक्त बाहेरच्या बाजूचे देखणे फोटो छापणाऱ्यांना मात्र मला एकदा भेटायचंय.