रक्ताच्या कागदाआधी छाती दाखवा

धानाची मळणी आटोपली की आमच्या नाकाडोंगरीकडे घरोघरी खोकला सुरू होतो. धूळ, थंडी, चुलीचा धूर, कारणांना तोटा नसतो. पूर्वी काढा व्हायचा, नाहीच भागले तर दवाखाना. आता तिसरी वाट निघाली आहे. शहरात जायचे, रक्त तपासणाऱ्याच्या फलकावरची मोठी यादी दाखवायची आणि ‘हे सगळे करा’ म्हणायचे. चिठ्ठी कोणी मागत नाही. त्यातून २०२१ साली कोरोनाच्या पाठोपाठ काळ्या बुरशीने महाराष्ट्रात किती घरे रडवली ते सर्वांना आठवते, त्यामुळे बुरशी म्हटले की माणूस आधीच अर्धा होतो.

आमच्या थोरल्या दादांचे असेच झाले. त्या साली कापलेल्या कडपा अवकाळी पावसात भिजल्या आणि तणसाचा ढीग पुरता न वाळताच रचला गेला. पुढे ढीग उकलला तेव्हा कुबट वास आणि पांढरी भुकटी. दादा रोज सकाळी गोठ्यात तणीस काढून टाकीत. दुपार कलली की अंग कसकसे, हुडहुडी भरे, कोरडा खोकला येई आणि दम लागे. सकाळी पुन्हा जरा बरे.

कोणीतरी क्षयाचे नाव काढले. घरात पोरीच्या लग्नाची बोलणी चालू होती. क्षयाची कुजबुज पाहुण्यांच्या कानी गेली तर? या धास्तीने दादा दवाखान्यात जाईनात. कोणाला न सांगता शहरात जाऊन रक्त देऊन आले. दोन पोती धानाचे पैसे त्यात गेले. कागद आले पाच-सहा. एका बुरशीच्या नावापुढे ठळक अक्षरांत ‘पॉझिटिव्ह’. दादा बुरशी मारायच्या गोळ्या विचारत फिरू लागले. एवढ्यात वहिनींनी विचारले, “अहो, दम कशानं लागतो ते यात कुठं लिहिलं आहे?” आणि त्यांना घेऊन त्या डॉक्टरांकडे गेल्या.

डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवला. छाती तपासली आणि विचारत गेले. ताप कोणत्या वेळी येतो? त्याआधी काय काम करता? सोयऱ्याकडे चार दिवस गेलात तेव्हा कसे होते? कधी खाणीत कामाला होता का? आमच्या भागात चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणी आहेत, म्हणून तोही प्रश्न. दादा म्हणाले, सोयऱ्याकडे अगदी बरा होतो. मग छातीचा फोटो आणि थुंकीची तपासणी झाली. क्षय निघाला नाही. निघाले ते बुरसट तणसाच्या धुळीने फुप्फुसाला आलेली सूज. जगभर या दुखण्याला ‘शेतकऱ्याचे फुप्फुस’ असेच नाव आहे. बुरसट वैरण हाताळल्यावर चार ते आठ तासांनी ताप आणि दम, ही त्याची खूण. दरसाल होत राहिले तर फुप्फुसाला कायमचे वण पडतात. बुरशीच्या गोळ्या यात कामाच्या नाहीत. धुळीपासून दूर राहणे हाच मुख्य उपाय. बाकी औषध किती व कोणते, ते डॉक्टर ठरवतात.

मग त्या ‘पॉझिटिव्ह’चे काय? डॉक्टरांनी समजावले, या तपासणीत शरीराने बुरशीविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे दिसतात. तणसात वावरणाऱ्या कितीतरी धडधाकट शेतकऱ्यांच्या रक्तातही ती सापडतात. बुरशीशी तुमची गाठ पडली एवढे कागद सांगतो. तिनेच आजार झाला, हे एकटा कागद सांगू शकत नाही. अमेरिकेत लोक स्वतःहून लघवीतले बुरशीचे विष तपासून घेऊ लागले, तेव्हा तिथल्या सरकारी रोगनियंत्रण केंद्राने २०१५ साली सावध केले की अशी विषे अन्नातून निरोग्यांच्या लघवीतही अल्प प्रमाणात उतरतात आणि त्या तपासणीवरून आजार ठरवता येत नाही.

याचा अर्थ बुरशी निरुपद्रवी, असा नव्हे. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात काविळीने शंभरावर माणसे दगावली. तिथे उलगडा झाला तो आजारी घरे काय खातात हे पाहून. त्यांचे अन्न खाणारी कुत्रीही आजारी पडली होती. मका तपासला, तर अवेळी पावसात भिजून बुरसटलेल्या त्या मक्यात अफ्लाटॉक्सिन हे विष सापडले. आधी विचारपूस आणि मग तपासणी, असा तो क्रम होता.

तेव्हा दोन आठवड्यांवर खोकला राहिला, वजन उतरले, थुंकीत रक्त दिसले, तर लाज न धरता सरकारी दवाखान्यात जावे. क्षयाची तपासणी आणि औषध तिथे फुकट मिळते, आणि वेळेवर घेतले तर क्षय बरा होतो. रक्ताचे कागद केलेच असतील तर सोबत न्यावेत, पण त्यावरून गोळ्या घेऊ नयेत. धान्य आणि तणीस पुरते वाळवावे, ढीग जमिनीपासून उंच रचावा. बुरसटलेला भाग जनावरांना घालू नये. ढीग उघड्यावर, वारा पाठीशी घेऊन, थोडे पाणी शिंपडून उकलावा. दुपट्ट्याने बारीक भुकटी अडत नाही. कोरोनात वापरली तसली जाड, घट्ट बसणारी मुखपट्टी बांधावी.

दादांनी तणसाचे काम सोडले आणि महिन्या-दीड महिन्यात त्यांचा दम ओसरला. पोरीचे लग्नही ठरल्या तिथीला पार पडले. आता ढीग रचण्याआधी वहिनी स्वतः तणसात हात घालून ओल पाहतात.