नाव पुढील अंकी

मी पत्रकार. म्हणजे उमेदीची ३० वर्षं एका दैनिकात उपसंपादक म्हणून दुसऱ्यांचा मजकूर कापला. पण कुणी ‘आपण कधी संपादक होतात का हो?’ असं विचारलंच, तर मी छाती काढून ‘हो’ म्हणतो. १९७५ साली आम्ही तिघा मित्रांनी विज्ञानकथांचं मासिक काढलं होतं. सायक्लोस्टाइल केलेलं. प्रती ४०, पैकी ३१ नातेवाइकांच्या गळ्यात मारलेल्या.

नावावरून इतकं भांडण झालं, की पहिला अंक ‘नाव पुढील अंकी’ असं छापून काढला. पुढे तेच नाव पडलं. स्टेन्सिलवर लोखंडी लेखणीनं लिहिताना ‘मंगळ’मधला पहिला ‘मं’ हमखास फाटायचा. त्यामुळे आमचे अंतराळवीर दर अंकात ‘गळ’ ग्रहावर उतरत. रात्रपाळी संपवून मी रोळ फिरवायला जाई आणि काळे हात घेऊन घरी येई. आई विचारायची, “पेपरात आहेस, की कोळशाच्या वखारीत रे?”

हे खूळ आमच्या डोक्यातून निघालेलं नव्हे, हे पुढे वाचनात आलं. १९२६ साली अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ सुरू केलं आणि वाचकांची पत्रं पत्त्यांसकट छापली. झालं! वाचक संपादकाला सोडून एकमेकांनाच पत्रं लिहू लागले आणि १९३० पासून स्वतःची मासिकं काढू लागले. कुणी जिलेटिनच्या थाळीवर जांभळ्या शाईचा मजकूर उमटवून त्यावर एकेक कागद दाबी. पन्नासेक प्रतींत अक्षरं फिकी व्हायची, बोटं मात्र जांभळी राहायची. या प्रकाराला ‘फॅनझीन’ हे नाव मिळालं १९४० साली. म्हणजे दहा वर्षं त्यांचंही ‘नाव पुढील अंकी’च!

क्लीव्हलंडच्या जेरी सीगल या पोरानं आपल्या असल्याच अंकात १९३३ साली ‘सुपरमॅन’ नावाचा एक दुष्ट माणूस रंगवला. त्याचा सज्जन अवतार १९३८ साली आला आणि जगभर गेला. रे ब्रॅडबरी यांनी १९३९ साली काढलेल्या मासिकाचे अंक निघाले चार. आमचेही चारच निघाले. साम्य तिथंच संपलं.

नाही, आणखी एक होतं. भांडणं! १९३९ साली न्यूयॉर्कला या मंडळींचं पहिलं जागतिक संमेलन भरलं आणि सहा चाहत्यांना दारातच अडवलं. वाचून मला अगदी घरच्यासारखं वाटलं. आमच्यात ‘यंत्रमानवानं प्रेमात पडावं की नाही’ यावरून बोलणं बंद झालं. हजार वर्षांपुढचं दिसणाऱ्या तिघांना पुढची बैठक दिसली नाही.

मासिक बंद पडलं, आणि दुसऱ्याच आठवड्यात एक पोस्टकार्ड आलं. दूरच्या तालुक्यातल्या, नात्यात नसलेल्या आमच्या एका वर्गणीदाराचं. मास्तर असावेत. लाल शाईनं १३ अशुद्धं दाखवली होती. खाली लिहिलं होतं, ‘गळ ग्रहाची कल्पना अगदी नवी. पुढील अंक कधी?’

दैनिकात ३० वर्षं काढली. हजारो वाचक; पण पुढचा अंक कधी, असं मला कुणी विचारलं नाही. तो दुसऱ्या दिवशी येतच असे.

ते कार्ड अजून जपून ठेवलंय. उत्तर लिहायचं राहून गेलं.