बरणीचे स्थापना-वर्ष

नाताळसाठी घरी द्राक्षारस करण्याचा आमचा छंद नेमका केव्हा सुरू झाला, असे परवा चिरंजीवांनी विचारिले. बाटल्यांवर, एखाद्या जुन्या पेढीप्रमाणे, त्यांस स्थापनेचे साल लिहावयाचे होते. आम्ही तत्काळ २०१२ सांगितले; त्या साली आमचा द्राक्षारस प्रथमच पिण्याजोगा उतरला. कुटुंबास हे मान्य नव्हते. "आणि २००९ची बरणी?"

ती आम्ही कशी विसरणार! उन्हाळ्यात अनाब-ए-शाही द्राक्षे आणून, वसईहून आईने फोनवर सांगितल्याबरहुकूम ती कुस्करली, साखर व यीस्ट घातले आणि विद्यानगरच्या आमच्या स्वयंपाकघरात २१ दिवस ठेविली. पुढे झाकण मात्र सैल राहिले. यीस्टने केलेल्या मद्यास हवा लाभली की दुसरे जंतू त्याचे आंबट पाणी करितात, हे शास्त्र आम्हांस नाकाने शिकविले. काना गावी पाण्याचा द्राक्षारस झाला. आमच्याकडे द्राक्षारसाचा शिरका!

आई पोटभर हसली. "टाकू नकोस रे, लोणच्याला होईल." त्या नाताळास ती येथे आली आणि ते लोणचे तिने दोनदा मागून घेतले. २०१२चा पेला उचलावयास ती राहिली नव्हती.

आम्ही थोडा वेळ वाद घातला. मग चिरंजीवांच्या हातची लेखणी घेऊन पहिल्या बाटलीवर २००९ लिहिले.